दिवसा न दिसणारी ज्योत

“माझ्या हातून माझे सासरे गेले,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात, अपघात होता, मनाला लावून घेऊ नकोस. पण माझं नेमकं काय चुकलं ते कुणी सांगत नाही. ते मला कळायला हवं.”

फोटोवाल्यांच्या हातातला कप तसाच राहिला. बाईंकडे येणारी माणसं आजवर एकच मागणं घेऊन यायची, की मी काही केलेलं नाही एवढं सिद्ध करा. माझा दोष पुराव्यानिशी हातात द्या म्हणणारं गिऱ्हाईक ते पहिल्यांदाच पाहत होते.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. आगींच्या चौकशा करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. नोकरीत असताना लोक त्यांना पाठीमागे ‘राखबाई’ म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर त्यांनी तेच काम खासगीत चालू ठेवलं. फोटोवाले त्यांच्याबरोबर जागेचे फोटो काढायला जात. फोटो उत्तम काढत. त्यात काय आलंय, ते मात्र बहुधा त्यांना दुसऱ्या दिवशी बाईंकडून कळे.

तिने सांगितलेली हकिगत अशी होती.

तिच्या सासऱ्यांना सगळे कप्तान म्हणत. जन्मभर त्यांनी नदीवरची फेरीबोट चालवली. निवृत्त झाल्यावर स्वतःची एक लहानशी बोट धक्क्याला बांधून ठेवली. घरापेक्षा त्यांचा मुक्काम तिथेच जास्त. महिन्याभरापूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. प्रखर उजेड चालणार नव्हता, म्हणून केबिनचे जाड पडदे ओढून, दार लोटून ते आत पडून राहत. ही धाकटी सून रोज सकाळी जाऊन त्यांचं खाणंपिणं बघे.

बोटीवर दोन बर्नरचा स्पिरिटचा स्टोव्ह होता. प्रत्येक बर्नरखाली एक चपटी गोल डबी. डबीत कापसासारखा भरणा आणि त्यात मुरलेलं स्पिरिट. स्पिरिट भरण्याचे कप्तानांचे नियम कडक होते. भरायचं ते बोटीवर नाही, धक्क्याच्या पायरीवर. डबी बाहेर काढायची आणि गालाला लावून बघायची. गालाला गार लागली, तरच कॅनला हात लावायचा. भरून झाली की तोंडावर रबरी चकती बसवायची, म्हणजे स्पिरिट उडून जात नाही, आणि वरून बर्नरचं झाकण पाडायचं.

“तुम्ही त्या दिवशी हे सगळं केलंत?” बाईंनी विचारलं.

“केलं. सकाळी चहा झाला, डबी निवली, मी पायरीवर जाऊन भरून आणली. मग औषधं आणायला गेले.” ती थांबली. “पण जाण्याआधी बाबांना दूध तापवून दिलं की नाही, ते आठवत नाही. इतक्या जणांनी विचारलं, की आता मला दोन्ही आठवतं. तापवल्याचंही आणि न तापवल्याचंही.”

ती बाराच्या सुमाराला परतली, तेव्हा धक्क्यावर गर्दी होती. कप्तानांना दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्याला आता बारा दिवस झाले होते.

थोरल्या दिराने आग लागताना पाहिली होती. त्याने पोलिसांना सांगितलं, की बर्नर पेटताच होता. दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत दिसत नाही, त्यामुळे बाबांना कळलं नाही आणि त्यांनी वरून स्पिरिट ओतलं. मग पेटता ठेवला कुणी, हे वेगळं विचारायची गरज उरली नाही. दवाखान्यात सगळे भोवती असताना कप्तान एवढंच बोलले होते: “कुणाला बोल लावू नका. माझाच हात चुकला.”

“ते मला पाठीशी घालत होते,” ती म्हणाली. “त्यांची माझ्यावर माया होती, सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई चिडल्या असत्या तरी बरं होतं. त्या बोलतच नाहीत.”

बाईंनी तिच्याकडून बोटीची किल्ली मागून घेतली.

बोट पोलिसांनी नोंद करून जशीच्या तशी बंद ठेवली होती. दार उघडल्याबरोबर उजव्या हाताला ओटा आणि त्यावर स्टोव्ह. समोर बाकावर अर्धवट जळलेली घोंगडी. एका खिडकीचा पडदा जळून गेला होता, बाकीचे तसेच. जमिनीवर स्पिरिटचा मोठा कॅन आडवा पडला होता. तो कुठे असायचा, असं बाईंनी विचारलं. मागच्या बाजूला, बाहेरच्या कप्प्यात, असं सुनेने सांगितलं. तो आत आणायला मनाईच होती.

उजव्या बर्नरवर किटली होती. बाईंनी ती उचलून तिच्या बुडावरून बोट फिरवलं आणि ते बोट फोटोवाल्यांना दाखवलं. बोट स्वच्छ होतं. फोटोवाल्यांनी मान डोलावली आणि किटलीचा फोटो घेतला.

मग बाईंनी उजव्या बर्नरखालची डबी काढून त्यांच्या एका हातात दिली. डावीकडचं झाकण मिटलेलं होतं. ते उचलून तिथली डबी दुसऱ्या हातात दिली. तिच्या तोंडावर काळी रबरी चकती घट्ट बसलेली होती, कडेला जराशी चुरगळलेली, बाकी शाबूत.

“काय वाटतं?”

“उजवीकडची हलकी आहे. डावीकडची बरीच जड.”

“आणि?”

“आणि काही नाही,” फोटोवाले प्रामाणिकपणे म्हणाले.

सुनेकडून आणखी एक गोष्ट कळली. उजव्या बर्नरची कळ अडकायची, म्हणून तो महिनोन्‌महिने कुणी वापरत नव्हतं. डोळे बरे झाले की दुरुस्त करतो, असं कप्तान म्हणायचे. त्याच्या डबीत तळाला थोडंफार जुनं स्पिरिट असेल, तेवढंच. स्वयंपाक, चहा, सगळं डावीकडे. सांगताना तिच्या स्वतःच्या काही लक्षात आलं नाही. ती ओट्याकडे पाहायचंच टाळत होती.

शेजारीच एक मोठी बोट रंगासाठी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि तिच्या पोटाखाली रंगारी उताणा पडून काम करत होता. भोवती थिनरचे डबे. त्याचं आणि कप्तानांचं बिनसलेलं होतं. खरवडलेल्या रंगाची भुकटी कप्तानांच्या बोटीवर उडायची. फोटोवाल्यांचा संशय लगेच थिनरवर गेला. कुणी स्पिरिटच्या कॅनमध्ये थिनर मिसळलं तर? ही कल्पना सुचल्याचा त्यांना मनोमन अभिमान वाटला.

रंगारी मात्र मोकळेपणाने बोलला. त्या दिवशी तो असाच पडून होता, त्यामुळे त्याला फळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं, निदान कप्तानांचा मोठा आवाज तरी. कप्तानांना बोटीशी बोलायची सवय होती.

“दिवसभर चालायचं त्यांचं. ‘अगं, किती डुलतेस,’ ‘अगं, जरा सरळ राहा.’ बायकोशी बोलावं तसं. त्या दिवशी मात्र चहाशी बोलत होते. ‘अरे थांब, गार होऊ दे,’ असं म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हातारा आता कपबशीशीही बोलायला लागला. मग भस्सकन आवाज झाला आणि थोड्या वेळाने धूर. मी बाहेर सरकून पाहतो, तर थोरला मुलगा धक्क्यावर बादली भरत होता.”

“आवाज आणि बादली, यांत किती वेळ गेला?”

रंगाऱ्याने विचार केला. थोडा गेला, असं म्हणाला. आधी त्याला वाटलं होतं, कुणीतरी शीड झटकलं.

दवाखान्यातल्या परिचारिकेने नोंदवही न बघताच सांगितलं. दोन्ही तळहात, मनगटाची आतली बाजू आणि छाती भाजली होती. धूरही छातीत गेला होता. हातांची मागची बाजू ठीक होती. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून तिने सगळ्यात आधी डोळे पाहिले होते. भुवया, पापण्या, सगळं शाबूत होतं.

थोरला मुलगा पुलांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होता. मोठ्या तिरक्या टेबलापाशी तो उभा राहून काम करत होता. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला पट्टी होती. बोटांची टोकं आणि तळवा मोकळा, त्यामुळे पेन्सिल कशीबशी धरता येत होती. चेहरा उघडा-उघडा वाटत होता, मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. का तसा वाटतो, ते फोटोवाल्यांना सांगता आलं नसतं.

तो नेमकं बोलणारा माणूस होता. साडेअकराला तो धक्क्यावर आला. बोटीपासून चाळीस पावलांवर असेल. दार सताड उघडं होतं. बाबा स्टोव्हपुढे कॅन घेऊन उभे होते.

“ज्योत तुम्हाला दिसली?”

“दिसली. निळी. बर्नरभर पसरलेली. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी ओतलं आणि ती निळी रेघ सरळ कॅनपर्यंत चढली.” त्याचा आवाज जरा खाली गेला. “मी दारातूनच दोन बादल्या ओतल्या. आग विझली, मगच आत शिरलो.”

हाताला काय झालं, असं बाईंनी विचारलं. तापलेली किटली उचलताना भाजला, असं तो म्हणाला. बाईंनी त्याचे आभार मानले आणि निघताना त्याच्या आराखड्याचं कौतुकही केलं. तो खरोखरच सुरेख होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला बाईंनी फोटोवाल्यांना धक्क्यावर चाळीस पावलं मोजून उभं केलं. आपण बोटीचं दार सताड उघडून आत गेल्या. ऊन दारातून थेट ओट्यावर पडत होतं. त्यांनी स्टोव्हच्या जागी एक बशी ठेवली आणि काहीतरी खुडबुड केली.

पाच मिनिटं गेली. फोटोवाल्यांच्या मानेला ऊन लागायला लागलं.

“पेटवताय ना?” त्यांनी विचारलं.

“केव्हाच पेटवलंय.”

ते चालत चालत अगदी दारापर्यंत आले. बशी रिकामीच दिसत होती. बाईंनी कागदाचा कपटा तिच्यावर धरला, तशी त्याची कड तपकिरी झाली आणि पाठोपाठ पिवळी ज्वाळा उठली. फोटोवाले दोन पावलं मागे सरले. मग बाईंनी दार लावून घेतलं. केबिनमध्ये अंधारून आलं आणि बशीच्या काठावर निळसर ज्योत हलताना स्पष्ट दिसू लागली.

बाईंनी बशीत पेलाभर पाणी ओतून ती विझवली. बशी पुसून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, “मला हे असं निघायला नको होतं.”

संध्याकाळी त्यांनी घरच्यांना एकत्र बसवलं. बैठकीच्या खोलीत सासूबाई खिडकीजवळ होत्या, थोरला मुलगा दाराजवळच्या खुर्चीत, धाकटा त्याच्यासमोर, आणि सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी. बाईंनी पिशवीतून दोन्ही डब्या काढल्या. डावीकडची डबी चकतीसकट सासूबाईंच्या हातात ठेवली, मग उजवीकडची दिली.

“कोणती जड?”

“ही,” सासूबाई म्हणाल्या. बारा दिवसांत घरच्यांनी त्यांचा आवाज फारसा ऐकला नव्हता.

“ही तुमच्या सुनेने भरली. काठोकाठ भरलेली आहे आणि तोंडावर चकती बसलेली आहे. बर्नर पेटवायचा तर चकती काढावी लागते. चकतीसकट पेटवला असता, तर रबर वितळून गेलं असतं. म्हणजे भरल्यानंतर हा बर्नर पुन्हा पेटलाच नाही. तिने दूध तापवलेलं नाही. तिने काहीही पेटतं ठेवलेलं नाही.”

उंबऱ्याशी उभी असलेली सून हळूच खाली बसली.

“आग उजवीकडून लागली,” बाई पुढे म्हणाल्या. “तो बर्नर बिघडलेला होता. हे कप्तानांना ठाऊक होतं, सुनेलाही. दोघांपैकी कुणीच तो पेटवला नसता. शेजारी भरलेली डबी असताना तर नाहीच. तो पेटवला तिसऱ्याने. बोटीवर क्वचित येणाऱ्या आणि दारातून शिरल्यावर जो हाताशी येईल तो बर्नर पेटवणाऱ्या माणसाने. डबीत थोडंच स्पिरिट होतं. चहाचं पाणी उकळायच्या आत ते संपत आलं. त्याला वाटलं, विझला. त्याने बाहेरून कॅन आणला आणि तापल्या बर्नरवर ओतला.”

थिनरचं काय, असं फोटोवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे न बघताच त्याचं उत्तर दिलं. थिनरने काजळी धरते, स्पिरिटने धरत नाही, आणि किटलीचं बूड लखलखीत होतं. रंगाऱ्याचा यात काही संबंध नव्हता. उलट त्यानेच सर्वांत मोलाची गोष्ट ऐकली होती.

“कप्तान बोटीशी बोलायचे, पण बोटीला ते ‘अगं’ म्हणत. सुनेशी बोलले असते, तरी ‘अगं’च म्हणाले असते. त्या दिवशी त्यांचे शब्द होते, ‘अरे थांब, गार होऊ दे.’ रंगाऱ्याला वाटलं, चहाला म्हणाले. चहा तर अजून झालाच नव्हता. समोर एक पुरुष होता, घरातला, आणि तो गरम डबीवर स्पिरिट ओतायला निघाला होता.”

धाकट्याने वर पाहिलं, पण समोर नाही. तो जमिनीकडे आणि मग आईकडे पाहत राहिला.

“ओतणाऱ्याचं काय भाजतं?” बाईंचा आवाज शांत होता. “कॅन धरलेल्या हाताची मागची बाजू, आणि वाकून बघणारा चेहरा. कप्तानांच्या हातांच्या मागच्या बाजूला ओरखडाही नाही, पापण्या शाबूत. त्यांचे तळहात भाजलेत. ते ओतत नव्हते. घोंगडीने आग दाबत होते.” त्या थोरल्याकडे वळल्या. “तुमच्या हाताला पट्टी मागच्या बाजूला आहे. तापलेली किटली कुणी हाताच्या मागच्या बाजूने उचलत नाही. तुमच्या पापण्या जळून आता कुठे फुटायला लागल्यात. आग विझल्यावर आत शिरलेल्या माणसाच्या पापण्या जळत नाहीत.”

फोटोवाल्यांना आता तो चेहरा उघडा का वाटला होता ते कळलं.

“आणि ती निळी ज्योत. तुम्ही पोलिसांना सांगितलंत, की उन्हात ती बाबांना दिसली नाही. तीच तुम्हाला चाळीस पावलांवरून दिसली. आज सकाळी मी यांना तिथे उभं केलं. दारात येईपर्यंत यांना काही दिसलं नाही. ती दिसते ती दार लावलेल्या अंधाऱ्या केबिनमध्ये. तुम्ही ती पाहिलीत, यात मला शंका नाही. पण आतून पाहिलीत.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

थोरल्याने काही नाकारलं नाही. तो बोलला ते आईकडे बघून. चार महिने तो बोटीवर फिरकला नव्हता. ऑपरेशनलाही आला नव्हता. कामाचं कारण सांगितलं होतं. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेला. बाबांना आनंद झाला. तुम्ही पडून राहा, आज चहा मी करतो, असं तो म्हणाला. पुढचं बाईंनी सांगितलं तसंच. आग अंगावर आल्याबरोबर तो दार उघडून बाहेर पळाला आणि धक्क्यावर उभा राहिला. बादली सुचायला त्याला किती वेळ लागला, ते त्याला सांगता येईना.

“पोलिसांना तोंडातून जे निघालं ते निघालं,” तो म्हणाला. “मग दवाखान्यात बाबा तसं बोलले. ते मला वाचवत होते, हे मला त्याच क्षणी कळलं. सगळे म्हणाले, सुनेला वाचवताहेत. मी काहीच बोललो नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू.”

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. “तेव्हा ते काही म्हणाले का रे? आग लागली तेव्हा?”

त्याने हातावरच्या पट्टीकडे पाहिलं.

“‘तू आधी बाहेर हो,’ म्हणाले.”

सासूबाईंनी दोन्ही डब्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवल्या आणि चेहरा हातांत घेतला. बाई उठल्या. पोलिसांकडे जबाब बदलून द्यावा लागेल, आणि तो मी देण्यापेक्षा तुम्ही स्वतः दिलेला बरा, एवढंच त्या म्हणाल्या. थोरल्याने मान हलवली. आत्ताच जातो, म्हणाला.

तो दारापर्यंत गेला. धाकटा जागचा हलला नाही. त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या.

तेव्हा उंबऱ्याशी बसलेली सून बोलली.

“अहो, भाऊजींबरोबर जा तुम्ही.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. “तू सांगतेस हे?”

“हो. असलं सांगायला एकट्याने जायचं म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे. परवा मी बाईंकडे गेले होते.”

मग ती उठली, सासूबाईंच्या जवळ जाऊन बसली, आणि त्यांना रडू दिलं.

दाराशी थोरला एका हाताने बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होता. पट्टीमुळे बोटं वळत नव्हती. गाठ बसायची आणि सुटायची. धाकटा त्याच्या पुढ्यात काही वेळ नुसता उभा राहिला. फोटोवाल्यांना वाटलं, हा आता त्याला मारणार. पण तो गुडघ्यावर बसला, भावाचा हात बाजूला सारला, आणि दोन्ही नाड्या घट्ट बांधून दिल्या.

मग ते दोघे जिना उतरून गेले.